गांधीजी ज्यांची शुश्रूषा करायचे ते परचुरे शास्त्री कोण होते? आणि त्वचेच्या आजाराचा मनाशी काय संबंध असतो?

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी जवळ आले की एक जुना कृष्णधवल फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. गांधीजी एका कुष्ठरुग्णाची शुश्रूषा करतायत, असा तो फोटो. खालची कॅप्शन बहुतेक वेळा गांधीजींच्या करुणेबद्दल असते. समोरच्या माणसाचं नाव मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

त्या माणसाचं नाव होतं परचुरे शास्त्री.

संस्कृतचे पंडित, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले सत्याग्रही आणि पुढे सेवाग्राम आश्रमातले संस्कृतचे शिक्षक. (गांधीहत्येच्या खटल्यातले ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे वेगळे. आडनाव सारखं असल्याने गल्लत नको.)

कुष्ठरोगाबद्दल बोलताना आपण चट्टे, जखमा, झडलेली बोटं यांबद्दल बोलतो. वर्षानुवर्षं चालणारा त्वचेचा आजार माणसाच्या मनाचं काय करतो, हे फार कमी वेळा बोललं जातं. परचुरे शास्त्रींचं आयुष्य त्यासाठीच समजून घ्यायला हवं. त्यांच्या काळात या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. तरीही मरायला म्हणून आश्रमाच्या दारात आलेला हा माणूस पुढे काही वर्षं जगला, शिकवत राहिला. हे कसं झालं?

येरवड्यातले शास्त्रीबुवा

गोष्ट १९३२ सालची. सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होती आणि पुण्याचा येरवडा तुरुंग सत्याग्रहींनी भरला होता. गांधीजी, वल्लभभाई पटेल, महादेवभाई देसाई तिथेच होते. परचुरे शास्त्रीही तिथेच होते, पण वेगळ्या ठिकाणी. त्यांना कुष्ठरोग झाला होता आणि कुष्ठरोग झालेल्या कैद्यांना इतरांपासून दूर ठेवलं जायचं.

म्हणजे तुरुंगाच्या आत अजून एक तुरुंग.

गांधीजींना त्यांच्याबद्दल कळलं. भेटीगाठी शक्य नव्हत्या, म्हणून पत्रं सुरू झाली. एकाच तुरुंगात राहणारी दोन माणसं एकमेकांना पत्रं लिहीत होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ द्यायचे की नाही, हा वाद होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सवर्ण हिंदू नेते यांच्यात पुणे करार झाला आणि २६ सप्टेंबर १९३२ रोजी उपोषण सुटलं. त्या वेळी रवींद्रनाथ टागोर तिथे हजर होते. प्रार्थना झाली, भजन झालं. संस्कृत मंत्र म्हणायला ज्यांना बोलावलं होतं, ते होते परचुरे शास्त्री.

हा प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरून झालेलं उपोषण सुटत होतं आणि मंत्र म्हणत होता एक शास्त्री, जो शिक्षणाने आणि वेदपाठाने समाजाच्या वरच्या पायरीवर बसला असता, पण आजाराने त्याच समाजाच्या वेशीबाहेर गेला होता.

तेव्हा कुष्ठरोग होणं म्हणजे काय होतं?

परचुरे शास्त्रींची मनःस्थिती समजायची असेल, तर तो काळ समजून घ्यावा लागेल.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्येच शोधून काढलं होतं. हा आजार पापाचं फळ नाही, आनुवंशिकही नाही. पण हे ज्ञान गावोगावच्या पारांपर्यंत पोचलं नव्हतं. पूर्वजन्मीचं पाप, देवाचा कोप, घराण्याचा दोष, असंच मानलं जायचं. आजाराचं नावही धडकी भरवणारं होतं, महारोग.

उपचार काय होते? कडू कवठाच्या जातीतल्या झाडांच्या बियांचं तेल, म्हणजे चालमोगऱ्याचं तेल. ते पोटात घ्यायचं किंवा त्याची इंजेक्शनं घ्यायची. पोटात घेतलं तर मळमळायचं, इंजेक्शन घेतलं तर ती जागा ठणकायची. गुण येईल याची खात्री नव्हती.

त्यात कायदाही रुग्णाच्या विरोधात होता. ब्रिटिशांनी १८९८ मध्ये लेपर्स ॲक्ट आणला होता. हा कायदा जिथे लागू असेल तिथे जखमा झालेल्या, भीक मागून जगणाऱ्या कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते आणि त्याची रवानगी आश्रयस्थानात होऊ शकत होती. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणं, खाण्याचे पदार्थ विकायला बनवणं, भाड्याचं वाहन चालवणं यांवर बंदी घालता येत होती.

आता याकडे रुग्णाच्या बाजूने बघा. आजार हळूहळू वाढतो. आधी चट्टा येतो, मग हातापायाची संवेदना जाते. गरम भांडं हाताला कळत नाही, पायात काटा रुतलेला समजत नाही, आणि जखमा होत राहतात. पण माणसं त्याच्या खूप आधी दूर झालेली असतात. घरात ताट वेगळं होतं, मग खोली वेगळी होते, मग घरच सुटतं. शरीर टिकून असतं, पण माणसाचं काम, नातं आणि ओळख एकेक करून जात असतं.

सेवाग्रामच्या दारात

तुरुंगातून सुटल्यावरही परचुरे शास्त्रींची या सगळ्यातून सुटका झाली नाही. आजार वाढत गेला. साधारण १९३९ च्या सुमारास ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात येऊन पोचले. अंगावर जखमा होत्या आणि मनाने ते पार थकले होते.

ते बरं व्हायला आले नव्हते. आता कुठे थारा नाही, तेव्हा बापूंच्या सावलीत शांतपणे देह ठेवावा, या विचाराने आले होते.

हे वाक्य आपण चरित्रात सहज वाचून पुढे जातो. पण हीच त्या आजाराची सगळ्यात धोकादायक अवस्था होती. कुष्ठरोगाने माणूस सहसा झटपट मरत नाही. आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही, आपण सगळ्यांना ओझं झालोय, ही भावना मात्र जीव नकोसा करते. आज मानसोपचारतज्ज्ञ ज्या गोष्टींना धोक्याची घंटा मानतात, त्यातल्या बऱ्याच त्या दिवशी आश्रमाच्या दारात एकत्र उभ्या होत्या: बरा न होणारा आजार, तुटलेली माणसं, हातात काम नाही, आणि आपण ओझं आहोत असं वाटणं.

लगेच हो म्हटलं गेलं नाही

सोशल मीडियावरच्या गोष्टीत गांधीजी धावत जातात आणि मिठी मारतात. खरं तर निर्णय इतका सोपा नव्हता.

आश्रमात इतर लोक होते, त्यांचं आरोग्य होतं. संसर्गाची भीती खरी होती, कारण रोग नेमका कसा पसरतो आणि किती पसरतो याबद्दल तेव्हा बरीच अनिश्चितता होती. गांधीजींनी हा प्रश्न आश्रमवासीयांपुढे ठेवला. त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर जोखीम लादायची नव्हती.

याला अजून एक जुना संदर्भ होता. दक्षिण आफ्रिकेत असताना एक कुष्ठरुग्ण त्यांच्या दारात आला होता. गांधीजींनी त्याला जेवू घातलं, आसरा दिला, जखमा धुतल्या. पण त्याला कायमचं ठेवून घेणं त्यांना जमलं नाही. शेवटी त्यांनी त्याला गिरमिटिया मजुरांच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. चार दशकांनी तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता.

या वेळी उत्तर वेगळं मिळालं. आश्रमवासीयांनी मान्यता दिली आणि परचुरे शास्त्री राहिले.

एक कुटी, रोजचं मालिश आणि संस्कृतचा वर्ग

गांधीजींच्या कुटीपासून जवळच परचुरे शास्त्रींसाठी एक छोटी कुटी झाली. आज सेवाग्रामला गेलात तर बापू कुटी, बा कुटी, महादेव कुटी यांच्याबरोबर परचुरे कुटीही बघायला मिळते.

मग सुरू झाला रोजचा क्रम. जखमा धुणं, तेलाने मालिश करणं, खाणंपिणं बघणं. गांधीजी हे काम स्वतः करायचे. बाहेर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. देशभरातले नेते सेवाग्रामला येत होते. त्या सगळ्या धावपळीतही या कुटीतला वेळ राखलेला असायचा.

पण शुश्रूषा ही गोष्टीची अर्धी बाजू. दुसरी अर्धी बाजू फोटोत दिसत नाही.

परचुरे शास्त्रींना काम मिळालं. ते आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवायला लागले. आश्रमातल्या लग्नात त्यांनी पौरोहित्य केलं. विचार करा, ज्या काळात कुष्ठरुग्णाची सावली शुभकार्यावर पडू नये म्हणून लोक दार लावून घ्यायचे, त्या काळात एक नवं जोडपं त्यांच्या समोर बसून त्यांचे आशीर्वाद घेत होतं.

म्हणजे बघा, रोग तोच राहिला. खात्रीचं औषध तेव्हाही नव्हतं. बदलल्या त्या तीन गोष्टी. त्यांना राहायला माणसांमधली जागा मिळाली, माणसाचा रोजचा स्पर्श मिळाला आणि आपली विद्या पुन्हा कुणाच्या तरी कामी येतेय हे कळलं. मरायला आलेला माणूस शिकवायला बसला.

त्वचा आणि मन यांचा दुवा

त्या काळात याला मानसिक आरोग्य म्हणत नसत. आज आपल्याला हा दुवा बराच स्पष्टपणे सांगता येतो. दीर्घकाळ चालणारे त्वचेचे आजार, मग तो कुष्ठरोग असो, सोरायसिस असो, इसब असो की कोड, असणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते, हे जगभरातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. याची कारणं साधारण तीन वाटांनी येतात.

पहिली वाट शरीराची. खाज किंवा वेदना झोप मोडते आणि महिनोन्‌महिने नीट झोप नसेल तर मन ढासळतं. सोरायसिससारख्या आजारात शरीरात जो दाह सुरू असतो, त्याचा मेंदूवरही परिणाम होतो असं संशोधक सांगतात. काही औषधांचाही वाटा असतो. कुष्ठरोगात मज्जातंतूंना सूज आली की स्टेरॉइड द्यावं लागतं आणि त्याने मूडवर परिणाम होऊ शकतो. कुष्ठरोगाच्याच क्लोफाझिमिन या औषधाने त्वचा काही काळ काळपट होते. रोग लपवू पाहणाऱ्या माणसाला हा बदलही टोचतो.

दुसरी वाट लोकांची. त्वचा झाकून ठेवता येत नाही. साखर वाढलेली कुणाला दिसत नाही, चट्टा मात्र बसमधल्या अनोळखी माणसालाही दिसतो. मग हात न मिळवणं, लग्न मोडणं, नोकरी जाणं. कोड आणि सोरायसिस तर संसर्गजन्यही नाहीत, तरी लोक सरकून बसतात.

तिसरी वाट सगळ्यात अवघड. लोक जे म्हणतात ते रुग्णाला हळूहळू स्वतःलाच खरं वाटायला लागतं. मग कुणी हाकलण्याआधीच तो स्वतः बाजूला होतो. लग्नाला जात नाही, दवाखान्यातही जात नाही. उपचार लांबतात, आजार वाढतो, आणि वाढलेला आजार पुन्हा मनाला खाली ढकलतो.

परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले ते या चक्राच्या शेवटच्या टोकाला. आणि ते चक्र तुटलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर, कारण पहिल्या वाटेवरचं औषध अजून यायचंच होतं.

दत्तपूर आणि अखेर

वर्ध्याजवळच दत्तपूर आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं होतं. सूत, शेती, रोजचं काम आणि सोबत उपचार, अशी तिथली पद्धत. सेवाग्रामनंतर परचुरे शास्त्री तिथे राहायला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांची आठवण मात्र एका कुटीपुरती राहिली नाही. गांधीजींनी आपल्या विधायक कार्यक्रमाच्या यादीत खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण यांच्याबरोबर कुष्ठरुग्णांची सेवाही घातली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान सुरू झालं. विदर्भातच अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं होतं आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटेंचं आनंदवन उभं राहिलं. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान होती. रुग्णाला फक्त खाट दिली नाही, हाताला कामही दिलं.

मग औषध आलं

परचुरे शास्त्रींना काही वर्षं उशिरा हा आजार झाला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. १९४० च्या दशकात अमेरिकेत सल्फोन गटातल्या औषधांचा उपयोग दिसायला लागला. पुढे डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज हा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने गोळ्या घ्यायच्या. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून संसर्ग व्हायचा थांबतो. बहुतेक लोकांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्तीही असते.

कायदेही बदलले, पण रमतगमत. १८९८ चा लेपर्स ॲक्ट पूर्णपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होतं.

म्हणजे परचुरे शास्त्रींकडे माणसं होती, औषध नव्हतं. आज औषध आहे. माणसांचं काय?

आज काय करता येईल?

वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात मेडशी नावाचं गाव आहे. अशा गावांमध्ये कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई घरोघर फिरतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तिथे स्पर्श कळतो का, हे विचारतात. अनेक घरांत उत्तर पटकन नाही असं येतं. चट्टा नसतो म्हणून येतं, तसंच तो लपवायचा असतो म्हणूनही येतं. घरात लग्नाचं वय झालेली मुलगी असेल, तर लपवण्याची गरज अजून वाढते. उशीर होतो तो इथे, आणि उशिराची किंमत हातापायाच्या बोटांनी मोजावी लागते.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लवकर उपचार झाले तर विद्रूपता बहुतेक वेळा टाळता येते.

घरात कुणाला त्वचेचा कुठलाही जुना आजार असेल, तर डॉक्टरांकडे फक्त मलम लिहून घेऊन येऊ नका. गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास होतं का, आणि आवडीच्या गोष्टीतही रस वाटेनासा झालाय का, हे दोन प्रश्न त्या माणसाला विचारा. उत्तर हो असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मन खचणं हा दुबळेपणा नाही. त्यावर आजाराइतकाच उपचार होतो.

कुणी जगण्यात अर्थ नाही, मी सगळ्यांना ओझं झालोय, असं बोलत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरला कधीही फोन करता येतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि शेवटचं, जे कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही. ज्याच्या अंगावर चट्टे आहेत, त्याला तुमच्या पंगतीत, वर्गात, दुकानात, भजनी मंडळात जागा आहे का ते बघा. नसेल तर करा, आणि त्याच्याकडे काहीतरी काम सोपवा. परचुरे शास्त्रींना सेवाग्रामने संस्कृत शिकवायला सांगितलं होतं. तुमच्या ओळखीच्या माणसाला काय येतं, हे तुम्हालाच माहीत असणार.